‘कमीपणा’ हा शब्द जरा जपून वापरा : ‘एक सीमावासी’ यांना उत्तर

मागच्या आठवड्यात मी इथे एक लेख टाकला होता. २०२० च्या जुलैपासून जवळजवळ वर्षभर शेजारच्या अज्जींच्या घरातलं वाय-फाय आम्ही वापरलं, त्याला पासवर्ड नव्हता, माझी मुलगी त्यावर दहावीचे तास करायची आणि याला मी चोरी मानत नाही, असा त्याचा एकंदर आशय. लेखाखाली सतरा प्रतिक्रिया आल्या. सोळा चांगल्या होत्या. सतरावी रात्री पावणेबाराला आली, ती अशी :

“मॅडम, लेख वाचला. २.४ मेगाहर्ट्झ नव्हे, गिगाहर्ट्झ. कुलूप नाही म्हणून घर आपलं होत नाही. विहिरीवर येणारी बाईसुद्धा ‘भरू का पाणी’ म्हणून विचारायची, तुम्ही वर्षभरात एकदा तरी विचारलंत का? माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ वाचा. २००८ साली काय घडलं तेही आठवा. शेजारी कन्नड, म्हणून विचारायला कमीपणा वाटला असेल. शिक्षिकेने तरी असं लिहू नये. – एक सीमावासी”

दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी होणार होते. पण दोन दिवस झाले, पोळ्या लाटताना, शाळेला जाताना, वर्गात हजेरी घेताना हेच डोक्यात फिरतंय. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी चूक कबूल करते. वाय-फायच्या लहरींची वारंवारता मी मेगाहर्ट्झमध्ये लिहिली होती, गिगाहर्ट्झ हवं. हजारपटीचा फरक आहे आणि तो लेखात दुरुस्त केलाय. मी मराठी आणि समाजविज्ञान शिकवते, विज्ञान नाही, पण ती काही सबब नव्हे. कुणी चूक दाखवली की मी मानते, एवढं वाचकांनी ध्यानात ठेवावं. आभारी आहे.

आता बाकीचं.

‘मॅडम’ म्हणून सुरुवात करायची आणि ‘शिक्षिकेने तरी’ म्हणून शेवट, याला आमच्याकडे गूळ दाखवून मिरची चारणं म्हणतात. शिक्षिकेने तरी म्हणजे काय हो? शिक्षक झालं की माणसाने शेजाऱ्यापाजाऱ्यांत राहायचं नाही? वाणी, शिंपी, पतसंस्थेतला कारकून यांनी हाच लेख लिहिला असता तर चाललं असतं का? सत्तावीस वर्षं सरकारी मराठी शाळेत घालवली आहेत मी. २०२० च्या ऑगस्टात ‘विद्यागम’ (शाळा बंद असताना गल्लोगल्ली जाऊन शिकवायची कर्नाटक सरकारची योजना) सुरू झालं तेव्हा देवळाच्या ओसरीवर, समाजमंदिराच्या पायरीवर, एकदा तर ट्रॅक्टरच्या शेडमध्ये पोरांना अंतरा-अंतराने बसवून शिकवलंय. तोंडाला मास्क, हातात सॅनिटायझर, आणि घरी माझीच मुलगी रेंज शोधत फिरतेय. ऑक्टोबरात ते बंद पडलं. तेव्हा हे सीमावासी कुठे होते? घरात बसून नेट बघत असतील, पासवर्डवालं.

असो. खरं बोचलं ते वेगळंच. ‘शेजारी कन्नड, म्हणून विचारायला कमीपणा वाटला असेल.’ या एका वाक्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले आहे.

माझा जन्म बेळगावातल्या वडगावचा. बाबा मागावर. सहा माग असलेल्या ज्या मालकाकडे ते साड्या विणायचे तो मालक कन्नड. मालकाच्या अंगणात विहीर, आम्ही आठ बिऱ्हाडं तिच्यावर. मे महिन्यात नळाला दोन-दोन दिवस पाणी नसायचं, तेव्हा पहाटे साडेचारला रहाट सुरू व्हायचा. मालकीणबाई कन्नडात ओरडायच्या, आई मराठीत उत्तर द्यायची, आणि दोघींनाही सगळं समजायचं. गल्लीत टेलिफोन एकच, तोही त्यांच्याकडे. माझ्या आत्याच्या लग्नपत्रिकेवर आमच्या पत्त्याखाली त्यांचा नंबर छापलाय आणि पुढे कंसात ‘पी.पी.’ नव्या पोरांना ठाऊक नसेल : पी.पी. म्हणजे फोन शेजाऱ्याचा, निरोप आमचा. आजी गडहिंग्लजला वारली तेव्हा रात्री ट्रंक कॉल आला तो तिथेच. मालकीणबाई भर पावसात डोक्यावर पोतं घेऊन, अनवाणी आमच्या दारात आल्या आणि ‘बारव्वा, फोन, फोन’ एवढंच म्हणत राहिल्या. बाबांच्या आधी त्याच रडल्या. मी आठ वर्षांची होते, दाराच्या फटीतून बघत होते, त्यांच्या पायाला चिखल लागलेला अजून दिसतो मला.

आणि तुम्ही मला कमीपणाचं शिकवताय.

(आता कुणीतरी म्हणेल, पत्रिकेवर नंबर छापण्याआधी बाबांनी विचारलं असेलच. विचारलं होतं. पण एकदाच, आणि ते १९८६ साली.)

कन्नड मी शाळेत विषय म्हणून शिकले. लिहिता येतं, वाचता येतं. बोलताना क्रियापद चुकतं, पण भाजी मंडईत, तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात, बसच्या कंडक्टरशी माझं काही अडत नाही. १ नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटकाच्या राज्योत्सवाला, आमच्या गल्लीच्या एका टोकाला दंडावर काळ्या फिती आणि दुसऱ्या टोकाला लाल-पिवळे झेंडे असतात. वर्षानुवर्षं असंच आहे. मी कुठल्या टोकाला असते हे सांगण्याची गरज नाही, लपवण्याचीही नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला दोन्ही टोकांना तोच असतो आणि पाणी दोन्हीकडे सारखंच घालतो. सीमाभागात राहणं म्हणजे काय ते ‘सीमावासी’ अशी सही करून कळत नाही. मुळात नाव लपवून सही करणाऱ्याने दुसऱ्याच्या मनातला कमीपणा शोधू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

अज्जींबद्दल लेखात मी दोनच ओळी लिहिल्या होत्या, म्हणून कदाचित गैरसमज झाला असेल. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे, तिच्यावर त्यांचा शेवगा वाकलेला. बावीस वर्षांत त्या शेवग्याच्या किती शेंगा आम्ही खाल्ल्या याचा हिशेब नाही. पाडव्याला, म्हणजे त्यांच्या युगादीला, होळिगेचं, म्हणजे पुरणपोळ्यांचं, ताट भिंतीवरून इकडे यायचं. दिवाळीला माझं करंज्यांचं ताट तिकडे. रिकामं ताट कधी परत गेलं नाही. मी त्यांच्याशी मराठीत बोलायचे, त्या कन्नडात उत्तर द्यायच्या. ‘ऊट आत्री?’ (जेवण झालं का?) असं त्यांनी विचारलं की मी ‘झालं की’ म्हणायचे. यात कमीपणा कुठे बसतो, दाखवा.

त्यांच्या मुलाचा प्रश्न वेगळा. तो बेंगळुरूला असतो. २०१९ च्या नोव्हेंबरात फाटकावरच्या झेंड्यावरून त्याचे आणि आमच्या ह्यांचे दोन शब्द झाले होते. त्याचा इथे काही संबंध नाही, ओघात आलं म्हणून सांगितलं.

लॉकडाउन लागलं तेव्हा त्यानेच आईशी व्हिडिओवर बोलता यावं म्हणून कनेक्शन घेतलं. अज्जींना पासवर्ड टाकणं जमत नव्हतं, फोन सारखा तुटायचा, म्हणून त्याने तो काढूनच टाकला. हे अज्जींनी मला भिंतीवरून स्वतः सांगितलेलं आहे. आम्हीही त्याच जूनमध्ये एका कंपनीकडे अर्ज केला होता. ‘माणूस येईल’ म्हणाले. माणूस आला पुढच्या वर्षी ऑगस्टात. आमचं घर जुनं, दीड हात जाडीच्या दगडी भिंती, आत मोबाइलला रेंज म्हणून नाही. मुलगी फोन हातात धरून घरभर फिरायची, आरती ओवाळल्यासारखी. एके दिवशी मागच्या पायरीवरून ओरडली, “आई, इथं तीन काड्या येतात बघ!” बघितलं तर मोबाइलची रेंज नव्हतीच ती. यादीत एकच नाव, कन्नड लिपीत, दोन अक्षरं : ‘मने’. म्हणजे घर. शेजारी कुलपाचं चित्र नव्हतं. तिने बोट लावलं आणि लागलं.

पुढे वर्षभर ती पायरी हाच तिचा वर्ग. तुळशीच्या मागे बरोबर कुठे फोन ठेवला की तास तुटत नाही, ती जागा तिने खडूने चौकोन काढून ठेवली होती. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत असेल (खरोखर सीमावासी असाल तर). जुलैत फोन दुधाच्या धुतलेल्या पिशवीत, ती छत्रीखाली, वही गुडघ्यावर, आणि पागोळ्यांच्या आवाजात गणिताचे सर काय सांगतात ते कानात वायर घालून ऐकायचं. २०२१ साली दहावीची परीक्षा दोनच दिवसांत उरकली, १९ आणि २२ जुलैला. ती चांगल्या गुणांनी पास झाली. हे सांगताना मला कसलीही लाज वाटत नाही.

तुम्ही कलम ४३ वाचायला सांगितलंत. वाचलं. मालकाच्या किंवा ताबा असलेल्या माणसाच्या परवानगीविना संगणकात वा नेटवर्कमध्ये शिरलं तर भरपाई द्यावी लागते, असं त्यात आहे. तुम्ही तिथेच थांबलात, मी पुढे कलम ६६ पर्यंत गेले. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, हे आहे ते तिथे. पण त्यासाठी ते कृत्य ‘अप्रामाणिकपणे किंवा कपटाने’ केलेलं असावं लागतं. दुधाच्या पिशवीत फोन घालून वर्तुळाचं प्रमेय ऐकणाऱ्या पोरीच्या ठायी कपट शोधणारा वकील अजून जन्माला यायचाय. भरपाई म्हणाल तर शेवग्याच्या शेंगा आणि करंज्या यांची वजाबाकी करून बघू कधीतरी.

आणि परवानगीचं म्हणाल तर हे यंत्र चालतं कसं ते जरा समजून घ्या, गिगाहर्ट्झ एवढं चोख ठाऊक आहे तर. राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा आपलं नाव हवेत पुकारत असतो. फोन ते ऐकतो आणि ‘मला जोडून घेता का’ अशी विनंती पाठवतो. मग राउटर होकार देतो किंवा नाकारतो. अज्जींच्या राउटरने होकार दिला, वर आमच्या फोनला एक पत्ताही बहाल केला. म्हणजे विचारणं झालं, उत्तरही मिळालं, दररोज, प्रत्येक तासाला. ज्याला नाही म्हणायचं असतं तो पासवर्ड लावतो. वाड्याचं पुढचं दार दिवसभर उघडं असायचं तेव्हा उंबऱ्याबाहेर उभं राहून कुणी अर्ज लिहीत बसायचं नाही, आत येऊन ‘काकू, आहात का’ म्हणायचं. तुमचा ‘विचारलंत का’ हा प्रश्न त्यामुळे माझ्या मते निकालात निघाला.

शिवाय अज्जी काही आंधळ्या नव्हत्या. रोज सकाळी शेवग्याखाली भांडी घासायला त्या बाहेर यायच्या, समोर पोरगी फोन घेऊन बसलेली दिसायची. दोन-तीनदा तिला चहाही दिला त्यांनी भिंतीवरून. माहीत नव्हतं असं कोण म्हणेल?

विहिरीवरची बाई विचारायची हे खरं आहे. पण विहिरीचं पाणी उपसलं की कमी होतं. इथे काय कमी होतं? एका वाचकाने वर लिहिलंय की अमर्याद म्हणवणाऱ्या प्लॅनमध्येसुद्धा ठरावीक जीबी संपले की वेग पडतो. पडत असेल. अज्जींचा प्लॅन कुठला होता, त्यात किती जीबी होते, मी बघितलं नाही. शेजारात एवढी मोजदाद करायची नसते. केली की शेजार उरत नाही.

२००८ चं उदाहरण तर तुम्ही नुसतं भीती घालायला दिलंत. मला सगळं आठवतं. २६ जुलैला अहमदाबादेत स्फोट झाले, त्याच्या काही मिनिटं आधी आलेली दहशतवाद्यांची ई-मेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटमधल्या उघड्या वाय-फायवरून गेली होती. तिथे राहणाऱ्या अमेरिकन गृहस्थाचा काही संबंध नसताना चौकशीचा ससेमिरा त्याच्या मागे लागला. त्यानंतर मुंबईचे पोलीस उघडी नेटवर्कं शोधत रस्तोरस्ती फिरले. बरोबर आहे, ज्याचं नेट उघडं त्याने काळजी घ्यावी. ती काळजी अज्जींच्या मुलाने घ्यायची होती. दहावीच्या पोरीच्या गणिताच्या तासाला स्फोटांच्या शेजारी नेऊन बसवणं ही कुठली रीत?

एक गोष्ट मात्र लेखात आली नव्हती, ती लिहून टाकते. तुमच्या सांगण्यावरून नव्हे. सप्टेंबरातली गोष्ट असेल. संध्याकाळची वेळ, मुलीचा जादा तास चालू होता, सर चित्रफीत दाखवत होते. अज्जींच्या खिडकीतून आवाज येत होता. “हलो... केळस्तैतेन? हलो?” ऐकू येतंय का, ऐकू येतंय का, असं चार-पाच वेळा. मग फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज, आणि थोड्या वेळाने पुन्हा, “हलो?” मी मुलीला खूण केली. तिने मान हलवली, शेवटची दहा मिनिटं आहेत म्हणाली. त्या दिवशी पाऊसही बराच होता, लाइन त्यामुळेही गेली असेल. पावसात तिकडे नेहमीच तुटायचं. दुसऱ्या दिवशी मी अज्जींना भाकरी आणि झुणका नेऊन दिला. तेव्हा विचारायचं मनात आलं होतं. पण विचारलं असतं तर त्यांनी मुलाला फोन लावून विचारलं असतं, आणि तो ह्यांना काय बोलला असता ते मला ऐकायचं नव्हतं. याला कमीपणा म्हणत नाहीत. याला घरात शांतता ठेवणं म्हणतात. बायकांना कळेल.

बाकी तुमच्या प्रतिक्रियेत उत्तर देण्यासारखं काही उरलेलं नाही.

अज्जी मागच्या वर्षी बेंगळुरूला मुलाकडे गेल्या. घर विकलं. शेवगा नव्या लोकांनी तोडला, गाडी लावायला जागा हवी होती म्हणून. त्यांच्या नेटवर्कचं नाव कंपनीनेच दिलेलं आहे, पुढे चार आकडे, आणि कुलूप. आमच्याकडे आता आमचं स्वतःचं कनेक्शन आहे. त्यालाही पासवर्ड आहे, मुलीने घातलाय, ती आता इंजिनिअरिंगला आहे आणि असल्या बाबतीत फार कडक. पलीकडच्या बिऱ्हाडातला एक पोरगा हल्ली दुपारी आमच्या मागच्या पायरीशी घुटमळतो. त्याने मागितला तर देईन मी पासवर्ड. अजून मागितलेला नाही.

तुमची पुढची प्रतिक्रिया नावानिशी असेल तरच इथे दिसेल.